चाळीस पानं बाजूला ठेव

प्रिय अनिकेत,

सप्रेम नमस्कार, वि. वि. तुझं पत्र आणि तू खेळासाठी रचलेल्या काल्पनिक जगाचा गठ्ठा मिळाला. चाळीस पानं, तीन हजार वर्षांचा इतिहास, सतरा राजघराणी, बारा देव आणि दोन चंद्र. सगळं वाचलं, चंद्रांच्या कलांच्या तक्त्यासकट. खरं सांगू? यातलं खेळायला बसल्यावर कामाला येईल असं एकच वाक्य सापडलं. पान एकतीस: 'उत्तरेकडच्या खिंडीत हिवाळ्यात आरसे झाकून ठेवतात.' का झाकतात ते तू लिहिलंच नाहीस, लगेच सातव्या राजाच्या लग्नाकडे वळलास. खेळाडू मात्र तिथेच अडणार. सातव्या राजाचं नाव कुणी विचारणार नाही, पण पहिल्याच तासात कोणीतरी एखाद्या आरशावरचं फडकं उचलणार.

त्या वाक्यात आणि बाकीच्या चाळीस पानांत फरक काय? आरसे झाकतात हे कळल्यावर खेळाडूच्या हातात करण्यासारखं काहीतरी येतं. सतरा राजघराणी कळल्यावर तो फक्त मान डोलावतो. वाचलेलं, पाहिलेलं, ऐकलेलं खेळात उतरवायचं म्हणजे त्याचा असा नियम करायचा की समोरच्याचा पुढचा निर्णय बदलला पाहिजे. हा प्रकार जन्मला तोच मुळी असा.

एकाने जग मांडायचं आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन फाशांच्या जोरावर खेळायचं, असा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ही मंडळी युद्धखेळवाली, म्हणजे टेबलावर सैन्य मांडून फुटपट्टीने अंतर मोजणारी. त्याआधी १९७१ मध्ये गायगॅक्सच्या 'चेनमेल' या मध्ययुगीन लढायांच्या नियमपुस्तिकेला अद्भुताची पुरवणी जोडलेली होती. गोष्ट वाचली की 'हे फाशांवर कसं आणायचं?' हा या लोकांचा पहिला प्रश्न. जॅक व्हान्सच्या कथांतले जादूगार मोजकेच मंत्र डोक्यात भरून घेतात आणि उच्चारला की मंत्र डोक्यातून पुसला जातो. कथेत ती एक गंमत होती. खेळात तिचा नियम झाला: सकाळीच ठरव, आज कोणते मंत्र नेणार. त्या एका नियमामुळे जादूगार खेळणारा माणूस गुहेच्या तोंडाशी बसून 'आत काय असेल' याचा अंदाज बांधायला लागला. ट्रोलचंही तसंच (समाजमाध्यमांवरचा नव्हे, कथांतला धिप्पाड प्राणी). पोल अँडरसनच्या एका कादंबरीत ट्रोलचे तुकडे केले तरी तुकडे वळवळत राहतात, आगच काय ती त्याला संपवते. खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत त्याला लढाईच्या दर फेरीला जीवाचे १० गुण परत मिळतात, आणि आग किंवा आम्ल लागलं तरच ती भरपाई एका फेरीपुरती थांबते. म्हणून मशाल हे नुसतं उजेडाचं साधन राहत नाही.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण गंजवणाऱ्या प्राण्याचं, रस्ट मॉन्स्टरचं. त्याचा उगम ना पुराणात ना साहित्यात. हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लास्टिकच्या विचित्र प्राण्यांची स्वस्त पुडी मिळायची, त्यातल्या एका ओबडधोबड खेळण्यावरून तो घडला. त्याला दिलेला नियम एवढाच: त्याच्या मिशा लोखंडाला लागल्या की लोखंड गंजून जातं. माणसाला तो फारसं काही करत नाही. तरीही चिलखतातला योद्धा ड्रॅगनसमोर उभा राहतो आणि याला पाहून पळ काढतो, कारण ड्रॅगन जीव घेईल, हा सामान नेईल. तेव्हा प्रेरणा किती थोर आहे याची चिंता सोड.

उलट बाजूही बघ. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या प्राण्यांच्या पुस्तकात, आपला राक्षस आहे: वाघाचं तोंड, उंची कपडे, हातात पाइप. पुढच्या आवृत्त्यांत त्याचे तळवे उलटे झाले. तो पुराणांतून कमी आणि १९७४ च्या एका अमेरिकी दूरदर्शन मालिकेच्या एका भागातून जास्त आला. मंतरलेल्या बाणाने मरण्याची अट त्याच भागातली. वाघाचं डोकं हा नुसता पोशाख आहे, काढला तरी बिघडत नाही. त्यातली कामाची गोष्ट वेगळीच: ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे त्याचंच रूप तो घेतो. हे कळलं की जुना ओळखीचा माणूस दारात उभा राहिला तरी खेळाडू आधी एखादा आडवा प्रश्न विचारतात. कोणत्याही संस्कृतीतून, इतिहासातून काही उचलताना हेच पाहा: पोशाख उचलतोयस की यंत्रणा? नुसता पोशाख उचलला तर त्या लोकांनाही ओशाळवाणं वाटतं आणि खेळही पुढे सरकत नाही.

नावांचं मात्र जपून. १९७४ च्या पुस्तिकांत टॉल्किनच्या कथांतले हॉबिट, एंट, बॅलरॉग सर्रास होते. हक्क असणाऱ्यांनी कायदेशीर हरकत घेतली आणि ते अनुक्रमे हाफलिंग, ट्रीअंट आणि बॅलोर झाले. घरच्या टेबलावर काहीही चालतं. पुढे छापायचा विचार असेल तर आत्ताच नावं बदल, वर्षभराने खेळाडूंची जीभ वळत नाही.

आता तुझा आरसा. त्याला नियम देऊ. पहिला मोह असा होईल की आरशात भविष्य दिसतं. नको. भविष्य दाखवलंस की ते घडवून आणायची जबाबदारी तुझ्यावर, आणि फासे तुझं ऐकत नाहीत. दुसरा मोह, आरशातून काहीतरी बाहेर येतं. तेही नको, ते एकदाच घाबरवतं. मी सुचवतो ते असं: हिवाळ्यात उघड्या आरशासमोर झोपणाऱ्याची जखम भरत नाही. रात्रभर विश्रांती घेऊनही एक गुण परत मिळत नाही. बस्स, एवढंच. साधा, मोजता येणारा, खेळाडूंना तपासून पाहता येणारा आणि मुख्य म्हणजे दुसऱ्यावर वापरता येणारा नियम.

आता तो ओढत ने. आरसा म्हणजे काय? चकचकीत ढाल चालते का? पाण्याने भरलेलं घंगाळ? चालत असेल तर खिंडीतले सैनिक ढालींना काजळी फासणार आणि रात्री पाण्याची भांडी झाकणार. मग गोठलेलं सरोवर? तो तर मैलभर लांबीचा आरसा. त्याच्या काठी कोणी तळ टाकत नाही, मुक्कामाची जागा दोन तास वर चढून, आणि म्हणूनच चोरट्यांचा अड्डा नेमका सरोवराच्या काठी, बर्फावर राख पसरून. शत्रूच्या छावणीत दहा छोटे आरसे पोचवले तर आठवड्यात त्यांचे जखमी उठणार नाहीत. म्हणजे आरशांची चोरटी वाहतूक, म्हणजे नाक्यावर झडती, म्हणजे लाच. आणि एखादा वैद्य रोगी लवकर बरा होऊ नये म्हणून पलंगाखाली आरशाचा तुकडा ठेवत असेल तर? अर्धा डझन प्रसंग एका वाक्यातून निघाले, आणि यातलं काहीही तुला खेळाडूंना वाचून दाखवावं लागणार नाही. नाक्यावर पहारेकरी ढाल उलटीपालटी करून काजळी तपासतो, एवढं सांगितलंस की पुरे.

हेच नियमपुस्तकात आधीपासून असलेल्या जादूला लावून बघ. बहुतेक जगं तिथेच फाटतात. पाचव्या आवृत्तीतला मृताशी बोलायचा मंत्र, स्पीक विथ डेड, घे. प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. त्याला तोंड शाबूत असावं लागतं. जिवंतपणी जेवढं माहीत होतं तेवढंच ते सांगतं. आणि त्याच प्रेतावर हा मंत्र दहा दिवसांत पुन्हा चालत नाही. ज्या राज्यात हे करू शकणारे पाच-दहा पुजारी आहेत, तिथे खून कसा होईल? खुनी चेहरा झाकून येणार, कारण न पाहिलेलं प्रेत सांगू शकत नाही. घाईत असेल तर जबडा तोडून नेणार. मग कायद्यात जबडा तोडण्याला वेगळी शिक्षा हवी, आणि श्रीमंत घरांत मयतापाशी रात्रभर पहारा. सगळ्यात सुंदर फट दहा दिवसांची आहे: लाच खाल्लेला पुजारी सर्वांत आधी पोचतो, प्रेताला पाच फालतू प्रश्न विचारतो आणि खुन्याला दहा दिवसांची मोकळीक मिळवून देतो. तुझ्या राजधानीत खुनाची गोष्ट घालायची असेल तर ती आयती तयार आहे. पण या फटी तुला आधी दिसल्या नाहीत तर खेळाडूंना दिसतील, आणि तुझं चार आठवड्यांचं रहस्य दहा मिनिटांत संपेल.

अन्नाचंही तसंच. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत अन्नपाणी निर्माण करणारा तिसऱ्या पातळीचा मंत्र एका वेळी पंधरा माणसांची दिवसाची सोय करतो. वेढा पडलेल्या किल्ल्यात असे चार पुजारी असतील तर उपासमारीची धमकी पोकळ ठरते. तीन उपाय: पुजारी दुर्मीळ कर, मंत्राला महाग सामग्री लाव, किंवा फरक पडतो हे मान्य करून वेढा घालणारे आधी पुजाऱ्यांवरच मारेकरी पाठवतात असं दाखव. मला तिसरा आवडतो. पहिल्या दोघांत तू दार बंद करतोस, तिसऱ्यात एक उघडतोस.

बक्षीस कशाला देतोस यावरही जग ठरतं, ही गोष्ट नवे डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, हमखास विसरतात. सुरुवातीच्या नियमांत बाहेर आणलेल्या एका सुवर्णमुद्रेला पात्राची पातळी वाढवणारा एक अनुभव-गुण होता, आणि प्राणी मारून त्या मानाने फार थोडे मिळत. म्हणून शहाणे खेळाडू लढाई टाळत, झोपलेल्या ड्रॅगनच्या उशाखालून पोती ओढत. शिवाय सोन्याला वजन होतं: ॲडव्हान्स्डच्या पहिल्या आवृत्तीत दहा नाण्यांचा एक पौंड, म्हणजे दहा हजार नाणी जवळजवळ ४५० किलो. सोनं सापडलं तरी ते नेणार कसं हा वेगळाच डाव सुरू व्हायचा: हमाल, खेचरं, परतीच्या वाटेवरचे लुटारू. पाचव्या आवृत्तीत पन्नास नाण्यांचा पौंड आहे, तोच ढीग ९० किलोंचा होतो आणि तो डाव जवळपास संपतो. तुझ्या खिंडीत हमालांना महत्त्व हवं असेल तर जुनं वजन घे.

नकाशाकडे वळतो, कारण तिथे तू खरंच गोंधळ घातलायस. तुझी ती मोठी नदी मध्येच दुभंगून दोन वेगळ्या समुद्रांना मिळते. नद्या उताराने वाहतात आणि वाटेत एकमेकींना मिळतात. फाटे फुटतात ते मुखाजवळच्या सपाटीत, त्रिभुज प्रदेशात. सरोवरात नद्या कितीही येवोत, बाहेर पडणारी बहुधा एकच, सर्वांत खालच्या कडेवरून. डोंगररांगेच्या ज्या बाजूला समुद्राचा वारा आदळतो तिथे पाऊस आणि जंगल, पलीकडे कोरडं. तू वाळवंट नेमकं वाऱ्याच्या बाजूला ठेवलंयस. एकतर ते हलव, नाहीतर पाऊस कोणी अडवला हे तुझ्या जगातलं रहस्य कर. दोन्ही चालेल, फक्त चुकून झालेलं नको. गावं वसतात ती नदी पायी ओलांडता येते तिथे, संगमावर, घाटाच्या पायथ्याशी, बंदरात. डोंगराच्या टोकावर एकटं दिमाखात उभं शहर काढलंस तर त्याला पाणी कोण पुरवतं तेही काढ.

मापासाठी हेक्स, म्हणजे षट्कोनी घरं, वापर, समोरासमोरच्या बाजूंमध्ये १० किलोमीटर. हा आकडा उगाच नाही. सपाट मैदानात उभ्या माणसाला क्षितिज साधारण पावणेपाच किलोमीटरवर दिसतं, म्हणजे हेक्सच्या मध्यावरून जवळपास कडेपर्यंत. तीस मीटर उंच मनोऱ्यावर चढला तर वीस किलोमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे दोन हेक्स. खेळाडू 'झाडावर चढून बघतो' म्हणाला की तुझ्याकडे उत्तर तयार. रस्त्याने दिवसाला तीन हेक्स, जंगल-टेकड्यांत दीड, दलदलीत आणि उंच डोंगरात एक.

अशा एका हेक्सचं क्षेत्रफळ सुमारे ८७ चौरस किलोमीटर. दर चौरस किलोमीटरला वीस माणसं धरली तर सतराशेच्या आसपास वस्ती, म्हणजे दोनशे माणसांची आठ-नऊ गावं. तू वीस हेक्समध्ये एक गाव दाखवलंयस आणि पुढे पन्नास हजारांची राजधानी. जुन्या शेतीच्या जगात एका शहरी माणसामागे आठ-नऊ शेतकरी धर. पाच हजारांच्या शहरालाच पंचेचाळीस हजार शेतकरी, म्हणजे सव्वीस-सत्तावीस भरलेली हेक्स. पन्नास हजारांना याच्या दहापट. बैलगाडीने दूरवर धान्य न्यायचं तर बैलच त्यातलं बरंचसं फस्त करतात, म्हणून मोठी शहरं जलमार्गावर असतात. राजधानी नदीवर आण, किंवा पाच हजारांवर आण. आणि सगळी गावं काढत बसू नकोस. हेक्सवर फक्त 'वस्ती दाट' एवढं लिही, नाव लागेल तेव्हा दे.

वाटेतल्या गाठीभेटींचा तक्ता एका वीस बाजूंच्या फाशावर करू नकोस. त्यावर प्रत्येक ओळ पाच टक्के, म्हणजे ड्रॅगन आणि मेंढपाळ सारखेच वारंवार भेटणार. दोन साध्या फाशांची बेरीज घे. सात येण्याची शक्यता ३६ पैकी ६, सहा-सात-आठ मिळून ३६ पैकी १६, म्हणजे ४४ टक्के. दोन आणि बारा फक्त ३६ पैकी एकेक. तर मध्ये खिंडीचं रोजचं जीवन: सहावर मेंढपाळ, सातवर काजळी तपासणारे पहारेकरी, आठवर लांडगे. टोकाला दुर्मीळ: दोनवर सरोवराच्या तळाशी राहणारं जे काही असेल ते, बारावर एक म्हातारा, जो उघडा आरसा पाठीवर बांधून हिंडतो आणि मरत नाही. प्रत्येक ओळीपुढे ते आत्ता काय करताहेत हेही लिही. नुसतं 'लांडगे' लिहिलं की लढाईच होते. 'लांडगे, बर्फातलं प्रेत उकरताहेत' लिहिलं की खेळाडू थांबून विचार करतात. दर प्रहराला एक फासा टाक, एक आला तरच भेट. दिवसाला चार वेळा टाकलास तर निदान एक भेट होण्याची शक्यता ५२ टक्के. पुरेसं आहे, जास्त केलंस तर प्रवास संपतच नाही.

समोरचे कसे वागतील यालाही दोन फासे: दोनला हल्ला, बाराला मैत्री, मध्ये संभ्रम. १९८१ च्या बेसिक नियमांत असा तक्ता आहे आणि तो नंतर का मागे पडला हे मला कळत नाही. त्यातल्या संभ्रमामुळेच तर बोलणी होतात.

पक्ष तीन पुरेत: नाकेवाले, वैद्य, आरसे चोरून नेणारे. प्रत्येकाला काय हवं, ते कशाच्या जोरावर मिळवणार, आणि खेळाडूंनी काहीच केलं नाही तर काय होणार, एवढं प्रत्येकी तीन ओळींत. प्रत्येक पक्षासाठी एक वर्तुळ काढून त्याचे सहा भाग कर, दर सेशनला परिस्थितीप्रमाणे एखादा भाग भर. सहावा भरला की ती गोष्ट घडते, मग ती तुला आवडो वा न आवडो. खेळाडूंना एखादी गोष्ट कळायलाच हवी असेल तर तिचे तीन वेगळे माग ठेव. एक त्यांना दिसत नाही, दुसऱ्याचा ते भलताच अर्थ लावतात, तिसऱ्यावर गाडी चालते.

भाषा आणि नावं. एम. ए. आर. बार्कर हे भाषेचे अभ्यासक होते. १९७५ मध्ये छापलेल्या त्यांच्या टेकुमेल या जगाला स्वतंत्र भाषा होती, व्याकरणासकट. काम अफाट, पण नव्या खेळाडूला दारातच धाप लागते. तू प्रत्येक प्रदेशाला फक्त एक-दोन ध्वनींची सवय लाव: खिंडीतली नावं 'ण' आणि 'र' वर संपतात, बंदरातली स्वरावर. वीस नावांची यादी आधीच करून ठेव आणि वापरलं की खोड. महत्त्वाच्या दोन माणसांची नावं एकाच अक्षराने सुरू करू नकोस. तुझ्याकडे वरुण, वारण आणि वरणेश आहेत. तिसऱ्या सेशनला कोणी कोणाला मारलं हे तुलाच कळणार नाही.

देवांबद्दल एवढंच: ग्रेग स्टॅफर्डने १९६६ पासून रचलेल्या ग्लोरांथा या जगावर १९७८ मध्ये रूनक्वेस्ट हा खेळ आला. तिथे देव म्हणजे संप्रदाय, आणि संप्रदायात शिरलं की काही मंत्र मिळतात, काही बंधनं येतात. तुझ्या बारांपैकी ज्यांच्या भक्ताला काही विशिष्ट करता येतं, असे तीन ठेव, बाकीचे नऊ कपाटात.

कपाटात म्हणजे कचऱ्यात नाही. एड ग्रीनवुडने फरगॉटन रेल्म्सच्या गोष्टी १९६७ च्या सुमाराला, हा खेळ निघायच्या आधीच लिहायला घेतल्या. खेळाचं जग म्हणून ते छापलं गेलं १९८७ मध्ये. पण छापणाऱ्यांनीही आधी चाळीस पानं मागितलेली नाहीत. २००२ मध्ये नव्या जगासाठी प्रस्ताव मागवले तेव्हा पहिली अट एका पानाची होती, आणि अकरा हजारांहून जास्त पानं आली. त्यातून किथ बेकरचं एबेरॉन निवडलं गेलं आणि २००४ मध्ये बाहेर आलं. तूही एकच पान लिही. डार्क सन या १९९१ च्या जगाचं पान लिहायचं तर दोन वाक्यांत संपतं: धातू जवळजवळ नाहीच, आणि जादू केली की भोवतालची झाडं मरतात. हाडाची तलवार मोडते, मातीची नाणी चालतात, जादूगाराला गावकरी दगड मारतात, हे सगळं मागून आपोआप येतं.

तर पुढच्या रविवारपर्यंत एवढं कर. मध्ये एक हेक्स, भोवती सहा. एक वस्ती, एक नाका, एक सरोवर. पाच माणसं, प्रत्येकाला एक गरज आणि एक लपवाछपवी. तीन अफवा, त्यातली एक खोटी. चोरट्यांचा अड्डा आठ-दहा खोल्यांचा, आत जायला दोन वाटा आणि आतल्या आत फिरून येता येईल असा निदान एक वळसा, नाहीतर खेळाडू आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागून एक खोल्या पार करतील. सगळं पेन्सिलीने. तीन तासांच्या सेशनला एवढं पुरून उरतं.

नकाशा पाठव. नदी पुन्हा दोन समुद्रांना मिळालेली दिसली तर तसाच परत पाठवीन.

तुझा,
सुहास

ता. क. बारा नंबरचा म्हातारा का मरत नाही याचं उत्तर मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तूही इतक्यात ठरवू नकोस. खेळाडू आपसांत कुजबुजून चार तर्क लढवतील. त्यातला सर्वांत वाईट जो वाटेल तो उचल.